दिवे कोणते लागलेत?

"बाबा, दिवे कोणते लागलेत?"

"पहिला लागलाय. दुसरा लुकलुकतोय. तिसरा बंद."

"लुकलुक भराभर आहे की संथ?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. मग, "संथ."

२०१० ते २०२० या दहा वर्षांत पुण्याहून मिरजेला मी केलेल्या फोनांमध्ये हे बोलणं किती वेळा झालं असेल, याची मोजदाद नाही. आमच्या वयाच्या कितीतरी जणांनी हेच केलं. कोणी ठाण्याहून अकोल्याला फोन लावून, कोणी बंगळुरूहून कोल्हापूरला, कोणी समुद्रापलीकडून नाशिकला. आज चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या कोणालाही मध्यरात्री उठवून विचारा, तो पाच दिव्यांची नावं क्रमाने सांगेल: पॉवर, डीएसएल, इंटरनेट, लॅन, डब्ल्यूलॅन. घरातल्या एका प्लास्टिकच्या डबीशी इतकी सलगी करणारी आमची पहिलीच पिढी, आणि बहुधा शेवटची. आता राउटर कोणी येऊन लावून जातं आणि तो कपाटाच्या टोकावर विस्मरणात पडून राहतो. आम्ही तो लावायला शिकलो, आणि घरातल्या मोठ्या माणसांना शिकवायलाही शिकलो.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मिरजेला ब्राह्मणपुरीतल्या आमच्या घरापर्यंत ते यायला आणखी सहा वर्षं लागली. तेव्हाचं ते डायल-अप: फोन गुंतवून ठेवणारं, मोडेमच्या किंचाळीनं सुरू होणारं. त्या दिवसांबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलंय. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

२००४ साली सरकारने ब्रॉडबँडचं धोरण जाहीर केलं आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची व्याख्याही ठरवली: सेकंदाला किमान २५६ किलोबिट. आज तो आकडा वाचून मुलांना काहीच वाटत नाही. पण २००५च्या जानेवारीत बीएसएनएल आणि एमटीएनएलनं जोडण्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा डायल-अपच्या वेगाला सरावलेल्या घरांसाठी ती नळाला अचानक जोरात पाणी यावं तशी गोष्ट होती. आमच्याकडे जोडणी आली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. मी अकरावीत होते, दादा पुण्याला इंजिनीअरिंगला. म्हणजे लाइनमन काका आले तेव्हा घरात "ते काय करतायत ते नीट बघून ठेव" असं सांगण्याजोगी मी एकटीच होते.

काकांनी सोप्यातली फोनची रोझेट उघडली, ड्रॉप वायरची टोकं दातांनी सोलली आणि खिशातून काडेपेटीएवढी एक पांढरी डबी काढली. "ही चाळणी," ते म्हणाले. छापील भाषेत ती स्प्लिटर. पण मला आजही चाळणी हाच शब्द बरोबर वाटतो. एकाच तांब्याच्या जोडतारेतून माणसाचा आवाज आणि नेट दोन्ही येतात. आवाज चार किलोहर्ट्झच्या खाली, नेट सव्वीसपासून वर थेट अकराशेपर्यंत. चाळणीचं काम एवढंच, की खालचं फोनला द्यायचं आणि वरचं मोडेमला. डायल-अप आवाजाच्याच पट्ट्यात घुसून बोलायचं, म्हणून फोन अडायचा. इथे दोघांनी आपापला मजला वाटून घेतला होता. आईला मी हे माजघर आणि माडी अशा भाषेत समजावून सांगितलं आणि तिला ते लगेच पटलं.

पण एक गोष्ट काकांच्या आणि माझ्याही नजरेतून सुटली. माजघरात आजीच्या पलंगाशी एक पॅरलल फोन होता. त्याची तार चाळणीच्या आधीच फुटून आत गेली होती. पहिले चार दिवस रोज सकाळी साडेदहाला नेट जाई आणि पाऊण तासाने परत येई. कारण सापडेना. पाचव्या दिवशी लक्षात आलं की साडेदहा ही आजीची आणि सांगलीच्या मावशीआजींची बोलायची वेळ. आजीने रिसीव्हर उचलला की तिच्या कानात घरघर आणि सोप्यात मोडेमचा दुसरा दिवा लुकलुकायला लागे. आजीनं त्याबद्दल तक्रार केली नव्हती. हल्ली तिला तसंही कमी ऐकू येतं अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. बाबांनी तिच्या फोनला दुसरी चाळणी आणून लावली. तिच्या कानातली घरघर थांबली, तो दिवस मला मोडेम लागला त्या दिवसापेक्षा जास्त आठवतो.

त्या काळात आम्ही "नेटवर बसणं" असं म्हणायचो. "ती नेटवर बसलीय", "किती वेळ बसणार आहेस नेटवर?" हा शब्दप्रयोग आता ऐकू येत नाही. त्यात बसणं होतं, कारण बसायची जागा होती. सोप्यात खिडकीजवळ टेबल, टेबलावर संगणक, मॉनिटरवर आईने क्रोशाने विणलेला रुमाल, आणि समोर एकच खुर्ची. नेट हे घरातलं एक ठिकाण होतं, देवघर किंवा न्हाणीघर असावं तसं. तिथे पाळी लावावी लागे. बाबांचं पेन्शनचं काम, माझे सीईटीचे प्रश्नसंच, शेजारच्या मुलाचा अर्ज भरायचा असला की तोही तिथेच स्टूल ओढून बसे. दहावीच्या निकालाच्या दिवशी गल्लीतली मुलं आपापले बैठक क्रमांक चिठ्ठीवर लिहून सोप्यात उभी राहत आणि मी खुर्चीत बसून एकेक आकडा टाकत असे. सगळ्यांची पाठ माझ्याकडे, कारण पडद्याकडे बघायचा धीर कोणाला नसे.

आणि रात्री दोनचे गजर. हे आमच्या पिढीतल्या कुणालाही विसरणं शक्य नाही. महिन्याला एक जीबीची मर्यादा असायची, त्यावर गेलं की एमबीमागे पैसे. पण काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजणीत धरत नसत. म्हणून दोनला उठायचं, डाउनलोड लावायचं, परत झोपायचं आणि आठच्या आत बंद करायचं. बाबांनी, गणिताचे मास्तर ते, कागदावर हिशेब मांडला होता: २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट, सहा तासांत साधारण ६९० एमबी. म्हणजे एक सीडी जेमतेम काठोकाठ. दादाला पुण्यात उबंटूची सीडी हवी होती. ती मी एका रात्रीत उतरवायला घेतली आणि सकाळी आठला अगदी थोडी उरली. बाबा उभे राहून घड्याळ बघत होते. आठला दोन मिनिटं असताना त्यांनी ती थांबवली आणि दुसऱ्या रात्री दोनला स्वतःच उठून पुढे सुरू केली. मला त्यांनी उठवलं नाही.

वायफाय त्यानंतरचं. त्याचंही मूळ २००५च्या जानेवारीतच आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या महिन्यात सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. हवेतल्या लहरींवर ताबा सरकारचा, आणि त्यांतला एक चिंचोळा पट्टा कोणाही नागरिकाने न विचारता वापरावा असं ठरलं. आपल्याकडे रेडिओ ठेवायलासुद्धा एकेकाळी पोस्टातून परवाना काढावा लागे. आजोबांचं ते पुस्तक आमच्या ट्रंकेत अजून आहे. त्या घरात परवान्याशिवाय लहरी सोडणारं यंत्र आलं, याचं मोल आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं.

ते यंत्र दादाने आणलं, २००८च्या मेमध्ये. त्याला नुकताच लॅपटॉप मिळाला होता आणि तपकीर गल्लीतून त्याने एक राउटर घेतला होता, एका अँटेनाचा, निळसर. मुंबईची मुलं लॅमिंग्टन रोडवरून आणत, पुण्याची तपकीर गल्लीतून. आमच्या मोडेमला एकच पोर्ट होतं आणि वायफाय नव्हतं. म्हणजे मोडेममधून एक तार राउटरला, राउटरमधून एक संगणकाला, आणि लॅपटॉप मोकळा. वेष्टनावरच्या चित्रात ते इतकं सोपं दिसत होतं, की आईने "जेवणाआधी होईल ना?" असं विचारून कुकर लावला.

रात्री अकरा वाजले तरी झालं नाही. दादाने तारा अदलून-बदलून पाहिल्या. राउटरच्या मागच्या बारीक भोकात आईची हेअरपिन घालून दहा सेकंद दाबून धरली, सगळं मूळपदावर आणलं, पुन्हा सुरू केलं. लॅपटॉपला वायफाय दिसत होतं, जोडलंही जात होतं, पण पान उघडत नव्हतं. राउटर काढून मोडेम थेट संगणकाला लावला की नेट ठणठणीत. दादाचा धीर सुटत चालला होता. पुण्यात शिकणाऱ्या मोठ्या मुलाने घरी येऊन एक गोष्ट करून दाखवायची आणि ती होऊ नये, याचं त्याला किती वाईट वाटलं असेल हे मला आता जास्त समजतं. बाबा मध्ये काहीही न बोलता झोपाळ्यावर बसून होते.

कारण बाबांनाच सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी दोन्ही डब्या उलट्या करून पोटावरची चिकटपट्टी वाचली आणि म्हणाले, "अरे, या दोघांचा घर क्रमांक एकच आहे."

खरंच. मोडेमवर १९२.१६८.१.१ आणि राउटरवरही १९२.१६८.१.१. दोघंही स्वतःला घराचा दरवाजा समजत होते. राउटरला एका बाजूने मोडेम सांगायचा की मी १.१, आणि दुसऱ्या बाजूने तो स्वतः लॅपटॉपला सांगायचा की मी १.१. "एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली तर पोस्टमन काय करेल?" बाबा म्हणाले. "पत्र हातात घेऊन उभा राहील." दादाने राउटरच्या पानावर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, राउटर बंद करून चालू केला, आणि लॅपटॉपवर पान उघडलं. झोपाळ्यावर. कुठल्याही तारेशिवाय. आजी उठून लॅपटॉपच्या खालून हात फिरवून बघून गेली.

हा आकडा आला कुठून, ते मी पुढे वाचलं. १९९६च्या फेब्रुवारीत असं ठरलं की १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते, आणि आणखी दोन मालिका, बाहेरच्या इंटरनेटवर कोणालाच द्यायच्या नाहीत. त्या घरांच्या, कार्यालयांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवायच्या. म्हणून मिरजेचं आमचं घर, डोंबिवलीला काकांचा फ्लॅट आणि कॅनडात आत्याचं घर, आतून पाहिलं तर तिघांचाही पत्ता तोच. बाहेर जाताना राउटर त्यावर आपला एकच बाहेरचा पत्ता घालतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. बाबा तो आकडा पाढ्यासारखा म्हणत: एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक. मग नव्याचा: टिंब दोन टिंब एक.

यानंतर खरी परीक्षा होती ती भिंतींची. आमचं घर जुनं, दगडमातीचं. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत दीड हात जाड. राउटर सोप्यात ठेवला तर माजघरात एक दांडी, स्वयंपाकघरात काहीच नाही. आणि गंमत म्हणजे वर माडीवर मात्र चारही दांड्या, कारण माडीची जमीन सागवानी फळ्यांची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कोरड्या लाकडातून सहज जातात, जाड दगडाला अडतात, पाण्यात विरतात आणि धातूवर आपटून परततात. हे आम्ही पुस्तकात वाचलं नाही. लॅपटॉप हातात धरून घरभर फिरताना शिकलो. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबामागे आणि लोखंडी कपाटाच्या सावलीत रेंज जायची. बाबांनी घराचा नकाशा काढून त्यावर दांड्यांची संख्या मांडली होती.

डोंबिवलीच्या काकांकडे नेमकी उलटी अडचण. तिथे भिंती पातळ, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात राउटर. माझा चुलतभाऊ सांगायचा की त्याला बेडरूममधून बावीस नावं दिसतात आणि सगळे चॅनेल सहावर बसलेत. आपल्याकडे या पट्ट्यात चॅनेल तेरा, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच धरता येतात: एक, सहा आणि अकरा. त्याने अकरा निवडला. सहा महिन्यांनी शेजारी अकरावर आले. मग तो एकवर गेला.

आम्हाला नेट स्वयंपाकघरापर्यंत न्यायचं होतं, आणि त्याचं कारण आजी होती. आत्याशी स्काइपवर बोलताना तिला सोप्यात खुर्चीवर आणून बसवावं लागे. तिथे ती ताठ बसायची, फोटो काढायला बसल्यासारखी. विचारलेल्याचं उत्तर द्यायची, बाकी बोलायची नाही. आत्या एकदा म्हणाली, "आईला तिच्या जागेवर बघायचंय मला." आजीची जागा म्हणजे चुलीशेजारचा पाट.

पहिल्यांदा आम्ही राउटर माजघराच्या कोनाड्यात ठेवला. पूर्वी त्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी असे आणि तिचा उजेड तिन्ही खोल्यांत पडे, असं आजी सांगायची. म्हणून सगळ्यांनाच ती जागा योग्य वाटली. पण चिमणीचा उजेड पुढे पडला तरी पुरतो. लहरी सगळीकडे जायला हव्यात, आणि कोनाड्याला तीन बाजूंनी दगड. रेंज आणखी कमी झाली. शेवटी माजघराच्या दाराच्या चौकटीवर जी खुंटी होती, जिच्यावर आजोबांची टोपी आणि छत्री असायची, तिथे दोरीने बांधून तो टांगला. सोप्याचं दार, माजघराचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एका रेषेत होती. दारं उघडी ठेवली की लहरी सरळ आत जात. त्या दिवशी आजी पाटावर बसून पुरण वाटत होती, लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला होता, आणि आत्या अडीच तास काहीही विशेष न बोलता तिच्याकडे बघत बसली होती. मध्येच आजी म्हणाली, "वेलदोडा संपलाय गं." आत्याने तिकडे उठून आपल्या डब्यात बघितलं आणि "माझ्याकडे आहे" म्हणाली.

पासवर्ड मात्र आम्ही घातला नव्हता. गल्लीतल्या कुणाकडे लॅपटॉप असला तर त्यानं वापरावं, त्यात काय, असं बाबांचं मत. ते बदललं जुलैच्या अखेरीला. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले आणि त्याआधी आलेली धमकीची ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. पेपरमधली ती बातमी बाबांनी दोनदा वाचली. राउटर घरात घेणं म्हणजे घराचं एक दार रस्त्याकडे उघडं ठेवणं, हे त्या दिवशी महाराष्ट्रातल्या हजारो घरांना एकदम समजलं असणार. बाबांनी दादाला पुण्याला फोन लावला आणि "हे कुलूप कसं घालायचं ते आत्ता सांग" म्हणाले.

आमच्या लॅपटॉपशी जुळेल अशी साधी पद्धत होती डब्ल्यूईपी. तिला दहा चिन्हं लागत, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली. बाबांनी क्षणभर विचार करून आमचा फोन नंबर सुचवला. मिरजेच्या २३३ या कोडसकट तो बरोब्बर दहा आकडी! माझी खात्री आहे की त्या वर्षी कित्येक घरांचा पासवर्ड त्यांचाच फोन नंबर होता, आणि तो याच कारणाने. डब्ल्यूईपी भेदता येते हे २००१ सालीच सिद्ध झालं होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. मग डब्ल्यूपीए२ आलं, किमान आठ अक्षरांचं. तेव्हाचा पासवर्ड आईने ठेवला. तो इथे सांगत नाही. अजून तोच आहे.

२०१०ला मला पुण्यात नोकरी लागली आणि घरात आई, बाबा आणि आजी राहिले. जायच्या आदल्या रात्री बाबांनी वही आणली. त्या वहीत गॅसचा ग्राहक क्रमांक, विजेचा ग्राहक क्रमांक, पाणीपट्टीची तारीख असं सगळं असायचं. "मोडेम" असं शीर्षक घालून त्यांनी मला बोलायला लावलं. दोन्ही घर क्रमांक. जोडणीचं नाव आणि परवलीचा शब्द. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. तार कुठली जाड आणि कुठली बारीक. मग त्यांनी एक तक्ता आखला. पाच उभे रकाने, पाच दिव्यांचे. लागलेला दिवा म्हणजे भरीव वर्तुळ, बंद म्हणजे पोकळ, लुकलुकणारा म्हणजे अर्धं भरलेलं. प्रत्येक ओळीपुढे कारण आणि उपाय. दुसरा अर्धा आणि तिसरा पोकळ: लाइन येत नाही, तारा तपासणे. दुसरा भरीव आणि तिसरा पोकळ: लाइन आहे, पण नाव-शब्द चुकतोय, पान उघडून पुन्हा भरणे. सगळेच पोकळ: लाइट गेली आहे किंवा अडाप्टर. शेवटच्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, "बाकी काहीही: हिला फोन."

मी म्हटलं, "बाबा, यातलं कुठलंही झालं तरी फोन करा." त्यांनी मान हलवली, पण आधी तक्ता बघायचा हे त्यांनी ठरवलेलं असायचं. फोन येई तेव्हा तपासायचं सारं तपासून झालेलं असे.

पावसाळ्यात ही वही फार कामाला आली. तांब्याच्या तारांचं वैर पाण्याशी. खांबावरच्या जोडात ओल शिरली की आवाज येत राहतो, पण नेट तुटायला लागतं. मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन नावाचा एक आकडा असतो, डेसिबलमध्ये. कोलाहलापेक्षा संकेत किती वर आहे त्याचं ते माप. वीसच्या वर असला की निर्धास्त, सहाच्या खाली गेला की लाइन टिकत नाही. मी हे एकदा सहज सांगितलं, आणि बाबा तो आकडा रोज सकाळी लिहायला लागले. २०११च्या जूनमध्ये त्यांची नोंद अशी होती: चोवीस, चोवीस, तेवीस, पाऊस, सोळा, पाऊस, नऊ. ते वही घेऊन एक्सचेंजमध्ये गेले. लाइनमन काकांनी ती नीट पाहिली, "पावसाबरोबर पडतंय म्हणजे जोड उघडा आहे" असं म्हणून शिडी घेतली, आणि कोपऱ्यावरच्या चिंचेखालच्या डीपीत, म्हणजे तारांच्या पेटीत, हिरवा पडलेला जोड काढून दाखवला. तो कापून नवा केला. दुसऱ्या दिवशी आकडा पंचवीस. काकांनी निवृत्त होईपर्यंत पुष्कळ तारा जोडल्या असतील, पण त्यांच्या कामाचा असा लेखी पुरावा बहुधा आमच्या वहीतच असावा.

आईचं राउटरशी नातं एकाच गोष्टीपुरतं होतं: वीज. आमच्याकडे वळीव येतो तो ढगांच्या गडगडाटासकट. खांबावरून आलेली तांब्याची तार म्हणजे विजेला घरात यायची वाट. पहिला मोडेम तसाच गेला, २००७च्या मेमध्ये. दूरवर कुठेतरी कडाडलं आणि पाचही दिवे एकदम विझले ते परत लागले नाहीत. तेव्हापासून पश्चिमेला ढग दिसले की आई वाळवणं काढायची, आणि त्याच फेरीत फोनची तार आणि प्लग दोन्ही काढून ठेवायची. मी पुण्यात ऑफिसातून स्काइपवर बोलत असताना मध्येच चित्र गेलं, की समजायचं, मिरजेला आभाळ आलंय.

२०१७च्या जुलैत अशी बातमी आली की देशभरातल्या हजारो मोडेमना एका कीडप्रोग्रामने निकामी केलंय, आणि ती कीड शिरली ती अडमिन-अडमिन या मूळ पासवर्डमधून. मी घाबरून फोन केला. बाबा म्हणाले, "तो आपण बदललाय. वहीत आहे, २०१०, पान अकरा."

२०२०च्या जूनमध्ये तांब्याची तार गेली. टाळेबंदीत भाचीची शाळा लॅपटॉपवर भरायला लागली होती, दादाचं कुटुंब मिरजेला येऊन राहिलं होतं, माडीवर दादाचं ऑफिस, सोप्यात वहिनीचं, माजघरात चौथीचा वर्ग. जुन्या लाइनला ते झेपेना. तोंडाला मास्क बांधलेला एक तरुण मुलगा काचेची तार घेऊन आला. तिचा केसाएवढा धागा त्याने एका छोट्या यंत्रात ठेवला, आणि यंत्राने क्षणभर ठिणगी पाडून दोन टोकं वितळवून एक केली. बाबांनी भिंग आणून तो सांधा बघितला. नवी डबी पांढरी आणि दिवे वेगळे. बाबांनी वहीत नवं पान काढलं. जुन्या पानावर काट मारली नाही.

आजी तेव्हा नव्हती. राउटर खुंटीवरच राहिला.

मागच्या मेमध्ये मी संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल लावला. आई माजघरात होती, मागे गडगडाट ऐकू येत होता. बोलता बोलता तिने वर पाहिलं आणि उठली.

"अगं, आता काच आहे," मी म्हटलं. "काचेतून वीज येत नाही. काढायची गरज नाही."

"तार काचेची आहे," आई म्हणाली. "प्लग भिंतीतलाच आहे ना? ती तार तर खांबावरूनच येते."

तिचं बरोबर होतं. मी गप्प बसले. तिने फोन चौरंगावर उभा करून ठेवला आणि चौकटीकडे गेली. खुंटीवरची पांढरी डबी, तिचे हिरवे दिवे, आणि बटणाकडे वर गेलेला आईचा हात, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या. तेवढ्यात चित्र थबकलं.

बाहेर पुण्यात कोरडं ऊन होतं. मी फोन बंद केला नाही. चित्र तसंच समोर ठेवून मी भाजी निवडत बसले.